शेवटच्या अक्षराची वही

डिक्शनऱ्या रचणाऱ्या माणसांवर माझा अजून राग आहे. म्हातारपणी राग सोडावेत असं घरातले सांगतात. बाकीचे मी सोडले, हा तेवढा राखून ठेवला आहे. शब्द कोणत्या अक्षरानं सुरू होतो एवढंच या लोकांना सांगता येतं. तो कोणत्या अक्षरावर संपतो, मधे त्याच्या पोटात काय आहे, हे विचारायला गेलं की एवढा जाडजूड ग्रंथ, पण ढिम्म. आणि मला तर अख्खं एक वर्ष नेमकं तेवढंच विचारायचं होतं.

मी तेव्हा केजच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे आताच्या मिडल स्कुलात, इंग्रजी शिकवत होतो. राज्य निजामाचं. हिशेब, भूगोल, तवारीख म्हणजे इतिहास, सगळं उर्दूतून चालायचं, सुट्टी शुक्रवारची असायची, आणि इंग्रजी हा एक विषय होता तो माझ्या पदरात पडला होता. माझं स्वतःचं इंग्रजी बीडला सुरू झालं आणि औरंगाबादेत आटोपलं. चार रीडरं, एक व्याकरण, अर्ज लिहिण्यापुरती वाक्यं. इंग्रजीत बोलणारा माणूस मी तोवर लांबूनच पाहिला होता.

बायको गेवराईच्या बाजूला, गोदाकाठच्या एका गावात, माहेरी राहायची. रुसून गेली होती असं कुणी समजू नये. सासऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि त्यांना दुसरं अपत्य नाही. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं हीच करायची, आणि वर गडी लावून शेतीही बघायची. सासऱ्यांना केजला आणावं तर गाडीतल्या धक्क्यांनीच त्यांचं काही व्हायचं. "तात्या हायेत तवर मी हितं. तुमीच हिकडं या," असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. आमची मुलगी तिथंच जन्मली. ती चालायला लागली ते मी पाहिलं नाही; मी गेलो तेव्हा ती पळत होती.

केजहून बीडपर्यंत मोटार मिळाली तर नशीब, नाहीतर बैलगाडी, आणि बीडच्या पुढं बैलगाडीच. दोन दिवस जाण्यात, दोन येण्यात. म्हणजे मोठी सुट्टी असल्याशिवाय जाणं नाही. आणि गेवराईच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा रिकामी पडली होती! तिथून सासुरवाडी घोड्यावर दोन तासांची. रोज नाही तरी दर जुम्म्याला घरी. मी तबादल्याच्या तीन दरख्वास्ती, म्हणजे बदलीचे तीन अर्ज, केले. तिन्हींवर एकच शेरा आला, 'गौर किया जाएगा.' हा गौर, म्हणजे विचार, कुठं बसून कोण करत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तबादले ज्यांच्या शेऱ्यावर व्हायचे ते मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, वर्षातून एकदा थंडीच्या दिवसांत दौऱ्यावर यायचे. केजला त्यांचा तीन दिवस मुक्काम असायचा. दोन दिवस तपासणी, आणि शुक्रवारी नमाजानंतर डाकबंगल्याच्या आवारात लिंबाखाली बैठक. साहेब शेरोशायरीचे शौकीन. भेंड्या खेळतात तशी उर्दूत बैतबाजी असते, एकानं शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. पण साहेब विलायतेला जाऊन आले होते, आणि तिकडून त्यांनी पत्र्याच्या डबीत पुठ्ठ्याच्या चौकोनी चकत्या आणल्या होत्या. प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. त्या चकत्यांचा विलायती खेळ काय होता देव जाणे. साहेबांनी त्याची बैतबाजी करून टाकली होती.

नियम असा. डबीतून दोन चकत्या काढायच्या. पहिलीवरचं अक्षर शब्दात कुठंही यायला हवं, दुसरीवरच्या अक्षरावर शब्द संपायला हवा. पाळीपाळीनं एकेकानं शब्द सांगायचा. माणसांची, गावांची नावं चालणार नाहीत. साहेबांच्या घड्याळातलं एक मिनिट उलटलं की तो बाद. शेवटी जो उरेल त्याचा डाव.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा 'के' आणि 'टी' निघाले. पोस्टमास्तरांनी 'बास्केट' सांगितला, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं 'तिकीट'. माझी पाळी आली आणि माझ्या डोक्यात एकही शब्द नाही. के म्हटलं की किंग, काइंड, किचन असे सगळे दाराशी उभे, आणि त्यातला एकही टी वर संपत नाही. आदल्याच दिवशी मी बाजारातून वांगी आणली होती आणि मला 'मार्केट' आठवला नाही. मिनिट संपलं. साहेब हसून म्हणाले, "मास्तर साहब, आप अंग्रेजी पढाते हैं या अंग्रेजी आपको पढाती है?" सगळे हसले. कंपाउंडर जरा जास्तच हसला. माझी चौथी दरख्वास्त खिशात होती ती मी खिशातच ठेवली.

घरी येऊन मी शाळेची डिक्शनरी काढली. शाळेत इंग्रजी-उर्दू डिक्शनरी एकच होती, आणि तीही वाळवीनं मागून पोखरलेली. 'एस'च्या मध्यापर्यंत पानं शाबूत, त्यापुढं नुसता भुगा. म्हणजे टी पासून झेडपर्यंतचे सगळे शब्द केजमध्ये अस्तित्वातच नव्हते! तरी मी बसलो. के असलेले आणि टी वर संपणारे शब्द शोधायचे तर पहिल्या पानापासून एकेक शब्द वाचत जायला हवं. दोन तासांत अकरा पानं झाली, डोळे चुरचुरायला लागले आणि हाती लागले तीन शब्द. दुसऱ्या दिवशी दुसरी दोन अक्षरं घेतली की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. मी ते पुस्तक चक्क जमिनीवर आपटलं. वाळवीचा भुगा माझ्याच धोतरावर उडाला.

यातून वाट दाखवली ती मौलवीसाहेबांनी. ते आमच्या शाळेत फारसी शिकवायचे. वय झालेलं, दातही थोडे उरलेले, पण मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर चहा प्यायल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "मास्तरसाब, तुम दीवान नै देखे क्या कबी? शायर का दीवान कैसा लगता?"

मला काय ठाऊक! त्यांनी सांगितलं, दीवान म्हणजे शायराचा गझलसंग्रह, आणि त्यात गझला शेवटच्या हरफानं, म्हणजे अक्षरानं, लावतात. अलिफवर संपणाऱ्या आधी, मग बे वर संपणाऱ्या, मग पे वर. "शुरू कौन देखता? खतम किसपे हुआ वो देखते," असं म्हणून त्यांनी बशीतला चहा ओढला.

मी त्याच संध्याकाळी दोनशे पानांची वही शिवून घेतली. मौलवीसाहेबांच्या हट्टापायी ती उजवीकडून उघडायची केली. दीवान म्हणजे दीवान. ए वर संपणारे शब्द आधी, मग बी वर संपणारे, मग सी वर. डिक्शनरीचं पहिलं पान उघडायचं, शब्द वाचायचा, त्याचं शेपूट बघायचं आणि त्या शेपटाच्या पानावर नेऊन टाकायचा. सोपं वाटतं. करून बघा. अर्धे शब्द मेले ई वरच संपतात. ई चं पान भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं, चिकटवलेल्या कागदांनी वही त्या जागी गलेलठ्ठ झाली, आणि क्यू चं पान कोरंच्या कोरं. आय चं पानही तसंच. त्या कोऱ्या पानांचा मला इतका संताप यायचा की मी रोज ती एकदा उघडून बघायचो.

एस च्या पुढचे शब्द बाहेरून गोळा करावे लागले. गावात जिथं इंग्रजी अक्षर दिसेल तिथं मी उभा. घासलेटचा डबा, काड्यापेटी, मांजरपाटाच्या ताग्यावरचा शिक्का, जिनिंगच्या यंत्रावरची लोखंडी पाटी. त्या पाटीवर काय लिहिलंय ते पाहायला मी सरकीच्या ढिगावर चढलो आणि तिथं निघालं विलायतेतल्या एका गावाचं नाव. गावांची नावं चालत नव्हती. खाली उतरलो तर अंगभर कापूस चिकटलेला. दुकानदार म्हणायला लागले, "मास्तर, डबा इकत घ्या की, नुसता वाचून काय व्हतंय?"

वर्गातही मी तेच सुरू केलं. रीडरातला धडा झाला की मुलांकडून शेपटाचे शब्द म्हणवून घ्यायचो. बी वर संपणारे, टी वर संपणारे. मुलांना त्यात मजा येत होती आणि माझा सराव होत होता. ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी करत राहिलो. याची मला अजून लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. ती सूप बाजूला ठेवून नीट ऐकत होती. सगळं ऐकल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ह्ये सबूद आले की साहेब बदली देनार?"

"निदान माझ्याकडं बघेल तरी," मी म्हणालो.

"मंग करा गोळा. आमी बी करताव."

दिवाळीच्या सुट्टीत परत गेलो, तर तिनं कोनाड्यातून एक दुरडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत कागदच कागद. साबणाची वेष्टनं, सुईच्या पुड्या, गेवराईच्या बाजारातून कुणीतरी आणलेल्या बिस्किटाच्या डब्यावरचा कागद, आणि तात्यांना हिवताप आला होता तेव्हा दवाखान्यातून आलेली औषधाची छापील पुडी. ती पुडी औषधानं चिकट झाली होती म्हणून तिनं पाण्यातून काढून उन्हात वाळवली होती. इंग्रजी कोणतं आणि मोडी कोणतं हे तिला ओळखता येत नव्हतं, म्हणून त्यात दोन जुन्या पावत्याही होत्या. "ही घ्या तुमची अक्षरं," ती म्हणाली. "लई झालेत. आता तरी व्हईल न्हवं?"

मुलगी तोवर तीन वर्षांची झाली होती. रस्त्यात कागद दिसला की उचलून आईकडं पळत यायची.

पुडीवरचा शब्द मी तिथंच ओसरीत बसून पुडीसकट वहीत चिकटवला. क्विनीन. आपण ज्याला कोयनेल म्हणतो ते. ई वर संपणारा, म्हणजे त्या गलेलठ्ठ भागात आणखी एक. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

थंडी पडली. दौरा आठ दिवसांवर आला आणि मौलवीसाहेबांनी मला शाळेमागच्या चिंचेखाली नेलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "मास्तरसाब, एक बात बोलूं? जीतना नक्को."

मला वाटलं म्हातारा चळला. वर्षभर मी शब्दांमागं वेड्यासारखा हिंडलो ते काय हरायला? तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. मोमिनाबादला पूर्वी एक ड्रॉइंगचा मास्तर होता. त्यानं याच साहेबांना एकदा हरवलं. साहेब खूश झाले. इतके खूश, की त्याला मोमिनाबादेतून हलू दिलं नाही. सहा वर्षं तो तबादला मागत राहिला आणि साहेब म्हणत राहिले, तू गेलास तर इथं माझ्याशी खेळणार कोण? "जो पैले हात में गिर गया, उसको भूल जाते. जो जीत गया, उसको रख लेते. तुम आखिर तक जाव, और आखिर में हार जाव. बस उसी वखत कागज सामने करो. हारे हुए को साब ना नै बोलते."

म्हणजे हरण्यासाठी शिकायचं! कपाळाला हात लावावा की हसावं तेच कळेना. पण मौलवीसाहेब वीस वर्षं साहेबलोकांना पाहत आले होते, आणि त्यांच्या म्हणण्यात मला खोट दिसेना. आम्ही ठरवलं. शेवटचे दोघं उरलो की मी तीन शब्द सांगायचे, चौथ्याला गप्प बसायचं. विसरू नये म्हणून मौलवीसाहेब खोकणार होते.

तपासणीच्या दिवशी साहेब माझ्या वर्गात आले आणि मुलांना म्हणाले, "बी के लफ्ज सुनाओ." मुलांनी उत्साहानं हात वर केले. टब, क्रॅब, रिब, क्लब. साहेबांचा चेहरा गोंधळला. बी चे शब्द म्हणजे बी वर संपणारे शब्द, असंच माझा अख्खा वर्ग समजत होता! मग साहेबांच्या ध्यानात आलं आणि ते खुर्चीत मागं रेलून खदाखदा हसले. माझी वही मागून घेतली, उजवीकडून उघडली, पानं उलटली आणि म्हणाले, "अंग्रेजी का दीवान! मास्तर साहब, जुमे को मिलेंगे." मला हायसं वाटलं. मौलवीसाहेबांना मात्र वाटलं नाही. वही दाखवायला नको होती, असं ते दोनदा म्हणाले.

शुक्रवारी लिंबाखाली सात जण बसलो. माझ्या उजव्या खिशात दरख्वास्त. पहिल्या दोन डावांत मी मधेच बाद झालो, मुद्दाम, आणि ते जमलं याचा मला अभिमान वाटला. तिसरा डाव शेवटचा. चकत्या निघाल्या, क्यू आणि ई.

क्यू पाहून लोकांचे चेहरेच पडले. पोस्टमास्तर 'क्वीन' म्हणून बसले, तो ई वर संपत नाही, ते बाद. कंपाउंडर तोंड उघडून तसाच राहिला. त्याचं मिनिट संपताना मी घड्याळाकडं नको इतक्या आनंदानं बघत होतो. एका फेरीत साहेब आणि मी दोघंच उरलो.

साहेबांनी 'मॉस्क' सांगितला. मी 'क्वाइट'. साहेब 'अँटीक', मी 'स्क्वेअर'. साहेब जरा थांबले, मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले 'युनिक'. मी 'रिक्वायर' म्हणालो. माझे तीन झाले होते. साहेबांनी डोळे मिटले. मिनिट संपता संपता त्यांनी 'टेक्नीक' असा शब्द काढला आणि मला त्याची अक्षरं सांगितली, कारण टी ची पानं वाळवीनं खाल्लेली असल्यानं मी तो जन्मात ऐकला नव्हता.

मौलवीसाहेब खोकले.

मला आता फक्त गप्प बसायचं होतं. एक मिनिट. मान हलवायची, हसायचं, खिशातला कागद काढायचा. सगळं सोपं. मी घड्याळाच्या काट्याकडं बघत होतो. वर्षभर मला हव्या त्या वेळी एकही शब्द मिळाला नव्हता. सरकीच्या ढिगावर चढलो, दुकानदारांचं ऐकून घेतलं, डोळे फोडून घेतले, आणि मागितलेला शब्द कधी समोर आला नाही. आणि आता, नको असताना, तो आला. पाण्यातून काढून उन्हात वाळवलेली पुडी, तिच्यावरची निळी अक्षरं, पुसट झालेली पण नीट वाचता येणारी. साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांना खात्री होती की मी संपलो. कंपाउंडरलाही खात्री होती, त्याच्या ओठांवर ते हसू आलंच होतं.

मौलवीसाहेब पुन्हा खोकले, या वेळी जोरात.

मी म्हणालो, "क्विनीन."

काय सुख होतं ते मी खोटं का सांगू? तसं सुख मला शाळेत पहिला आलो तेव्हाही झालं नव्हतं. साहेबांनी शोधलं, बोटं मोडली, आभाळाकडं पाहिलं, आणि मिनिट संपल्यावर उठून मला मिठी मारली. कंपाउंडर म्हणाला, "हमारे दवाखाने का लफ्ज, साब!" त्याचं हसू आता उतरलं होतं आणि मला ते बघत राहावंसं वाटत होतं. मौलवीसाहेब तेवढे खाली मान घालून चकत्या डबीत भरत होते.

मग मला दरख्वास्त आठवली. ती मी पुढं केली. साहेबांनी वाचली, आणि खरोखर प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गेवराई बीडला लागून, ते म्हणाले, तिथं मी सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो. "गेवराई में मैं रुकता नहीं, मास्तर साहब. केज में रुकता हूं." त्यांनी तिथंच लेखणी मागवली आणि कागदाच्या कडेला लिहिलं, मौजूदा जगह पर बरकरार, म्हणजे आहे तिथंच कायम. मी बोलायला गेलो. सासऱ्यांचं आजारपण, मुलगी, काय काय ओठांवर आलं. साहेब म्हणाले अगले साल देखेंगे, आणि आत जाऊन एक नवीकोरी डिक्शनरी घेऊन आले. एपासून झेडपर्यंत सगळी पानं शाबूत. बक्षीस म्हणून ती माझ्या हातात ठेवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मौलवीसाहेब माझ्याबरोबर चालत होते. शाळेपाशी आल्यावर म्हणाले, "मैं दो बार खांसा." मी म्हणालो, ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि ते घराकडं वळले.

गेवराईची जागा महिनाभरात भरली. पुढची चार वर्षं मी केजलाच होतो. त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत मी पहिल्याच हाताला बाद व्हायचो, आणि साहेब माझी पाठ थोपटून म्हणायचे, या वर्षी तब्येत बरी दिसत नाही, पुढल्या साली बघू. सासरे गेले तेव्हा मी केजमध्ये परीक्षेचे पेपर तपासत होतो. निरोप पोचेपर्यंत दहावाही उरकला होता. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच वर्षीचं, शिमग्याच्या सुट्टीतलं.

मी सासुरवाडीला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. बायको ओसरीत ज्वारी पाखडत होती. तात्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मुलगी शेजारी खेळायला गेलेली. काखेत डिक्शनरी होती. ती तिला दाखवून आधी काही बरं बोलावं असं मी वाटेत ठरवलं होतं, पण ती पुस्तकाकडं बघेना. "झाली का बदली?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मौलवीसाहेबांचा बेत, तीन शब्द, खोकणं, सगळं. लपवण्याइतकं डोकं माझं चालत नव्हतं. ती सूप हातात धरून ऐकत होती.

"म्हंजी हारायचं ठरलं व्हतं."

"हो."

"आन् तुमाला ठाव व्हतं."

"हो."

"मंग कावून सांगितला त्यो सबूद?"

"सुचला," मी म्हणालो.

"कंचा सबूद?"

मी वही उघडली. ई च्या जाड झालेल्या पानांत ती पुडी चिकटवलेली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ती लगेच ओळखली. बोटानं तिची कड जरा दाबली, जिथं खळ सुटली होती तिथं.

"ही तर तात्यांच्या कोयनेलाची. मीच वाळवली व्हती," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून तिनं अगदी हळू विचारलं, "येवढी पुडी सुचली. तवा आमी न्हाई सुचलाव व्हय?"

खाटेवरून तात्यांनी पाणी मागितल्यासारखा आवाज केला. ती सूप खाली ठेवून आत गेली. मी डिक्शनरी काखेत धरून तसाच ओसरीत उभा होतो.